चाचांनी सही केलेला जबाब

हसायचं असेल तर पुढं वाचू नका. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मी परवेज, जुन्नरचा. चांदचाचा आणि मी गावोगावी भांड्यांना कलई करतो. गेल्या मार्गशीर्षात आम्ही आणे पठारावर, ओळखीचे शेतकरी दादाभाऊ यांच्या अंगणात मुक्कामाला होतो. दिवस मावळत होता. भट्टी दुपारीच विझवली होती.

अचानक सगळं गप्प झालं.

शेळ्या गप्प. पाखरं गप्प. चाचा काहीतरी सांगत होते, ओठ हलत होते, पण आवाज...

मी वर पाहिलं. परातीएवढा पांढरा उजेड, बरोब्बर चाचांच्या डोक्यावर. जागचा हलत नव्हता.

मग तो विझला नाही की उडाला नाही. एका क्षणी होता, दुसऱ्या क्षणी नव्हताच.

"ड्रोन असंल राव," दादाभाऊ म्हणाले. पण त्यांना दरदरून घाम फुटला होता.

सकाळी चाचांनी पहिल्या पातेल्याला कलई केली. आत आपला चेहरा दिसला की कलई जमली, ही आमची पारख. चाचांनी वाकून पाहिलं. पुन्हा कथील फिरवलं. पुन्हा पाहिलं. असं तीनदा.

"परवेज, हात बिघडला रं माझा."

मी वाकलो. कलई लखलखीत होती. मी दिसत होतो. मागचं लिंबाचं झाड दिसत होतं.

माझ्या खांद्याला खांदा लावून वाकलेले चाचा...

दिसत नव्हते.

दादाभाऊंनी पोलिसांना फोन लावला, पोलिसांनी वर कळवलं. चौथ्या दिवशी लष्कराचे दोन साहेब जुन्नरला आमच्या घरी आले. साधे कपडे, बोलणं गोड. किती वाजता, कोणत्या दिशेला, आवाज होता का, सगळं फॉर्मवर लिहून घेतलं.

मी ते पातेलं पुढं केलं. मोठ्या साहेबांनी आत पाहिलं. मग चाचांकडं. मग परत आत.

पातेलं त्यांनी हळूच पालथं ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं.

"यासाठी फॉर्मात रकाना नाही," ते म्हणाले.

आठवड्यानं तेच साहेब चाचांच्या नावानं टाइप केलेला जबाब घेऊन आले. त्यात लिहिलं होतं: तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, त्यावर मावळतीचं ऊन पडलं, आणि पाहणाऱ्यांची चूक झाली. खाली चाचांच्या सहीला जागा.

"साहेब, भट्टी तर थंड व्हती," चाचा म्हणाले.

"सही केलीत तर परत कुणी त्रास द्यायला येणार नाही."

चाचा जन्मात खोटं बोलले नव्हते. ते माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "करून टाका चाचा, पीडा जाईल."

त्यांनी सही केली.

गेल्या शुक्रवारी, दिवस मावळताना, मगरिबच्या नमाजाच्या सुमारास, माझी मुलगी कशिश गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. एकदम आळीतला सगळा गोंगाट थांबला...

मी धावत वर गेलो. उजेड तिच्या डोक्यावर होता.

मी त्याच साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गच्चीवर भट्टी पेटवली होती का?"

"नाही साहेब, देवाशपथ."

"असा उजेड म्हणजे तुमच्याच कामाचा धूर, हे तुमच्या चाचांनी लिहून दिलंय. प्रकरण बंद आहे."

घरातला आरसा मी काढून ठेवलाय. कशिशला कारण सांगितलेलं नाही. बायको, रुबिना, रोज म्हणते, दुसऱ्या ऑफिसात जाऊ, नवा अर्ज देऊ.

कोणत्या तोंडानं देऊ? चाचांना सही मीच करायला लावली होती.