कार्डावर दोन पाहुणे

धुक्याने त्या सकाळी विमानतळाची पार वाट लावली होती. एकही विमान जागचं हलत नव्हतं, बसायला खुर्ची मिळत नव्हती, आणि भागूबाईच्या मोबाइलचा जीव अगदी कंठाशी आला होता.

भागूबाई हे तिचं घरातलं नाव. पालीला भिणारी, अंधाराला भिणारी, लिफ्टमध्ये एकटी न चढणारी मुलगी. तिला दुसरं काय म्हणणार? पण हीच मुलगी आज एकटी विमानात बसायला निघाली होती. इतके दिवस चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासले, अर्जांवर अर्ज केले, आणि आता कुठे दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं. नाही झालात तर जागा दुसऱ्या मुलीला, असं तिथल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. विमानाचा पास मोबाइलमध्ये, आणि मोबाइल चालला होता मरायला.

म्हणून ती लाउंजच्या काचेच्या दारापाशी आली. आतून कॉफीचा वास येत होता, मऊ खुर्च्या दिसत होत्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी चार्जर लावायची सोय होती. टेबलामागच्या मुलीने तिचं बँकेचं कार्ड उलटंपालटं केलं आणि गोड हसून परत दिलं. या कार्डावर प्रवेश नाही. त्याच वेळी शेजारच्या तरुणालाही तसंच गोड हसून कार्ड परत मिळालं.

"तुम्हीही नापास?" तो हळूच म्हणाला.

तिने मान हलवली. मग त्याने न विचारताच सगळं सांगितलं. मागच्या वर्षी याच कार्डावर तो इथे राजासारखा जेवला होता, आता म्हणे आधी त्यावर भरपूर खर्च केला तरच आत घेतात. तो लिफ्ट बसवायचं काम करत होता.

"लोकांना वर पोहोचवणं हाच आमचा धंदा," तो गंभीर चेहरा करून म्हणाला.

ती नको नको म्हणता हसली, आणि आपण एकट्या लिफ्टमध्ये चढत नाही हे सांगून बसली.

"मग मी असेन तेव्हा चढा…"

हे त्याने इतक्या सहज म्हटलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. कडक इस्त्रीचा कोट घातलेले एक आजोबा उभे होते. कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आवाजही तसाच होता, वाफ कोंडल्यासारखा. माझ्या कार्डावर दोन पाहुणे फुकट आहेत, दर वेळी वाया जातात, चला आत, असं त्यांनी फर्मावलंच. भागूबाई नको म्हणणार होती. पण टेबलामागची मुलगी आधी बोलली. पाहुणे फक्त कुटुंबातले चालतात म्हणाली.

"मग हे कोण आहेत?" आजोबांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. "मुलगा आणि सून."

भागूबाईने दचकून आजोबांकडे पाहिलं. बोलायचं होतं ते तेव्हाच. पण त्या तरुणाने वर्षानुवर्षांच्या नवऱ्यासारखी तिच्या हातातली बॅग काढून घेतली, आणि तिघं आतसुद्धा गेले.

आत सगळं सुखच सुख होतं आणि तिला एक घास उतरत नव्हता. गणवेशातलं कुणी जवळून गेलं की ती चमचा तोंडातच धरून बसायची. आजोबांना कसली फिकीर? वर्षाची फी भरलीय मी, सूनबाई, केक घे, सूप घे, लाजू नकोस, असा त्यांचा दंगा चालला होता. दर थोड्या वेळाने ते स्वतः उठून काहीतरी घेऊन यायचे.

"अहो-जाहो बंद करा," तो तरुण तिच्याकडे वाकून पुटपुटला. "नवराबायको असं बोलतात का?"

"माझी आई अजून बाबांना अहोच म्हणते."

"म्हणजे तुम्ही मला अहो म्हणणार?"

तिने घाईघाईने सूप तोंडात घातलं आणि जीभ भाजून घेतली. मग त्याने आपला अर्धवट चार्ज झालेला मोबाइल काढला आणि चार्जर तिच्या मोबाइलला लावून दिला. पकडलं तर काय होईल, हे तिने दबकत विचारलं. फार तर बाहेर काढतील, तो म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं आणि आपली खुर्ची त्याने दार आणि ती यांच्या मधे सरकवली. काचेबाहेर धुकं होतं. तिचं काळीज धडधडत होतं, आणि ते नेमकं कशाने धडधडतंय हे तिचं तिलाच कळेना…

आजोबा तिघांसाठी कॉफी आणायला गेले, आणि धाडकन आवाज आला.

नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला होता. हात अंगाखाली विचित्र मुडपला होता, कपाळ फुटलं होतं, डोळे उघडे पण नजर कुठेच नव्हती. तुमचे वडील पडले, म्हणत एक नोकर धावत आला. विमानतळावरचे डॉक्टर आले, मॅनेजर आला, दारात सुरक्षारक्षक उभा राहिला. आजोबा वेदनेने कण्हत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं आणि तरुणाकडे पाहिलं.

"वडिलांना कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

तरुणाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, रक्षकाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

भागूबाईने त्याच्याकडे पाहिलं. याला काय माहीत? आजोबांना साखर किती लागते एवढंसुद्धा याला माहीत नव्हतं. आता बोललो तर पकडले जाऊ, विमान जाईल, ती जागा जाईल. नाही बोललो तर… डॉक्टर सुई घेऊन वाकले.

"थांबा," ती म्हणाली, आणि आवाज लहान मुलीसारखा चिरका निघाला. "हा त्यांचा मुलगा नाही. मी सून नाही. आम्ही त्यांना ओळखतसुद्धा नाही. ते इंजेक्शन देऊ नका."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी हात मागे घेतला. तो तरुण गुडघ्यांवर बसला, आजोबांच्या कोटातून मोबाइल काढून त्यांचा अंगठा त्यावर टेकवला आणि त्यांच्या मुलीचा नंबर शोधला. पलीकडून त्या बाई जवळजवळ रडतच बोलल्या. दुखणं थांबवायचं ते इंजेक्शन बिलकूल देऊ नका, मागे एकदा दिलं तर बाबांचा श्वास कोंडला होता, बाबा जेमतेम वाचले. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध काढलं.

आजोबांना स्ट्रेचरवरून नेलं, आणि या दोघांना एका खोलीत. पास, ओळखपत्रं, मोबाइल, सगळं काढून घेतलं. तिथे एक बाक होतं आणि एक खिडकी होती. खिडकीबाहेर, बघा कसं असतं, धुकं विरायला लागलं होतं. तिच्या विमानाची घोषणा झाली तशी ती मुसमुसून रडायला लागली.

"मी घाबरलो," तो खाली मान घालून म्हणाला.

"मीही घाबरले होते."

"तू तर केव्हाची घाबरली होतीस, तरी बोललीस. मी मात्र जगासमोर बेडर म्हणून मिरवतो, आणि… त्यांना काही झालं असतं तर?"

तिला त्याचा राग आला होता, खराखुरा. आणि त्याला थरथरताना पाहवतही नव्हतं.

अधिकारी आत आले तसा तो आपणहून उठला. हिची बॅग मी उचलली, हिला आत मी नेलं, ते 'नाही' माझं होतं, त्याने सांगून टाकलं. हिची नोकरी उद्यावर आली आहे, हिला सोडा, माझं काय करायचं ते करा. अधिकाऱ्यांनी दोघांची ओळखपत्रं पुन्हा पाहिली. मग म्हणाले, आजोबा शुद्धीवर आलेत आणि खोटं मीच बोललो म्हणून डॉक्टरांवर ओरडताहेत. त्यांनी तिच्या वस्तू तिच्या हातात ठेवल्या. पळा. हा मात्र जबाब देऊन जाईल.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"विमानाची?"

"नाही. मी गेल्यावर तुझा फोन आला नाही तर… त्याची."

त्याने सवयीने खिसा चाचपला. त्याचा मोबाइल अजून अधिकाऱ्यांच्या खिशात होता. तिने नंबर तोंडी सांगितला, एका दमात. त्याने डोळे मिटून मान डोलावली, आणि मग डोळे उघडून ओशाळल्यासारखा म्हणाला, "खरं सांगू? शेवटचे आकडे नाही राहिले लक्षात."

रडणं, हसणं, सगळं तिला एकदमच आलं. तिने नंबर पुन्हा सांगितला, सावकाश, त्याच्याकडे बघत, आणि तो मागून पुटपुटत राहिला. मग ती धावली. शेवटची चढणारी तीच.

प्रवासभर ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. उतरल्यावर मोबाइल सुरू केला, आणि पट्ट्यावरून मोठी बॅग यायच्या आत तो वाजला. नंबर अनोळखी होता.

"आजोबा बरे आहेत," तिकडून आवाज आला. "मला शिव्या देताहेत. आणि… मला तुझी आठवण येतेय. हेही खरंच आहे."

तिने डोळे मिटले.

"मलाही येतेय," ती म्हणाली. "पण मला अजून फार भीती वाटतेय."

"मलासुद्धा," तो म्हणाला, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.