माळाचं पाणी

माळावरून जाताना जवळ पाणी असलं तर आधी ओंजळभर जमिनीला द्यायचं, मग पुढं जायचं. आणि का, ते विचारायचं नाही. वाडीत मूल चालायला लागलं की त्याला एवढं शिकवतच. क्रांतीनं लहानपणी एकदा विचारलं होतं. हंबीरनानांनी, म्हणजे तिच्या चुलत्यांनी, उत्तरादाखल एक थोबाडीत ठेवून दिली. गालाची आग संध्याकाळपर्यंत विझली. प्रश्न तसाच राहिला.

शाहूवाडीच्या डोंगरात खिंडीच्या तोंडाशी तो माळ आहे. फार पूर्वी मूठभर माणसांनी तिथं दिवसभर खिंड धरली आणि एकेक करून पडली, एवढंच वाडीला ठाऊक. खालचा ओढा शत्रूच्या ताब्यात होता. माणसं जखमांनी मेली तशीच तहानेनंही मेली. जो जिथं पडला तिथंच त्याला माती दिली आणि उशाशी दगड उभा केला. नाव एकाचंही नाही, नुसता ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलेला.

क्रांतीचे वडील बाळासो, तिचे आप्पा, पलटणीत होते. सुट्टीवर आले की एसटीतून उतरून ट्रंक खांद्यावर घेऊन आधी माळावर जायचे, बाटलीतलं पाणी ओतायचे आणि मग घराकडं वळायचे. सीमेवर ते गेले, तेव्हा त्यांची रक्षा नदीत सोडली नाही. रांगेच्या शेवटी माळाच्या मातीत मिसळली आणि वर एक साधा दगड बसवला. त्याच्यावर काही कोरलेलं नव्हतं. आई म्हणाली, बाकीच्यांचं तरी कुठं नाव आहे?

आता त्या माळावर रिसॉर्ट होणार होतं. झाडांतली घरं, पोहायचा तलाव, गाड्या लावायला फरसबंदी. जमीन सामाईक, त्यामुळं सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. राहिली होती फक्त क्रांतीची. आईनं सगळं तिच्यावर सोपवलं होतं. कोल्हापूरला ती वकिली शिकत होती आणि नानांचे फोन महिनाभर टाळत होती. शेवटी माघातल्या एका शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं ती वाडीत उतरली.

दगडांची अडचण नानांनी आधीच मिटवली होती. सगळे दगड उपटून देवळाच्या आवारात आणले, सिमेंटच्या ओट्यावर ओळीनं बसवले, शांती केली. बाळासोंचाही दगड आणला. पाणी आता तिथंच घालायचं. सोयच झाली म्हणत होते, माळापर्यंत तंगडतोड नको.

ती देवळात पोचली तेव्हा अंधार पडला होता. कट्ट्यावर नाना आणि आणखी तीन-चार जाणती माणसं बसली होती. खाली शेकोटीभोवती पोरं आणि त्यांच्या मधोमध आकारामतात्या. तात्यांची हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. आता घाटातल्या गोष्टी सांगत बसायचे. सह्या दगड हलवल्यावर सुरू झाल्या, आणि तात्यांनी सगळ्यांच्या आधी केली होती. नानांनी क्रांतीला चहा घे म्हणून सांगितलं आणि सहीचं नंतर बघू म्हणाले. ती चहाचा कप घेऊन पोरांच्या मागं जाऊन बसली. तात्यांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं.

"ही काय ऐकीव न्हाय," तात्या म्हणत होते. "विश्वजितनं माझ्या म्होरं बसून सांगितल्याली हाय. कुणी मधी बोलायचं न्हाय."

विश्वजित म्हणजे हुपरीकडचा जेसीबीवाला, ज्यानं माळावरचे दगड काढले तो. तात्यांच्या घरीच जेवायला असायचा. मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. शेवटचा दगड देवळात उतरवून तो जेवायला बसला, आणि त्याला आठवलं की दगड बांधायची साखळी माळावरच राहिली. सकाळी दुसऱ्या कामावर जायचं होतं. जेवण उरकून तात्यांची मोटरसायकल घेतली. वाटेत लागेल म्हणून तात्यांच्या सुनेनं पाण्याची बाटली भरून दिली. पोरगं शीळ घालत गेलं. परगावचं, त्याला माळाचा रिवाज कोण सांगणार? आणि सांगून तरी काय, रिवाजच देवळात आणला होता.

माळावर पोचला. गाडी चालू ठेवून दिवा पुढं टाकला. साखळी दिसली. उचलली, गाडीला गुंडाळली. घसा कोरडा पडला म्हणून बाटली उघडली.

टोपण फिरलं, तेवढाच आवाज झाला.

आणि समोर कुणीतरी हललं.

दगड उपटलेल्या खड्ड्यांशी माणसं बसली होती. एकेका खड्ड्याशी एकेक. मांडी घालून. लग्नात पंगत वाढायची थांबली की माणसं बसतात ना… तशी. गप. पुढं बघत. त्याला वाटलं, धनगर असतील. मेंढरं कुठं दिसेनात. वाटलं, रात्रीचे मजूर असतील. मजुरांच्या डोक्याला असली मुंडाशी नसतात.

पहिल्यानं ओंजळ पुढं केली.

"पळायचं हुतं की," एक पोरगं पुटपुटलं.

"पळू वाटलंच न्हाय म्हणाला. भ्या वाटलं न्हाय, रडू आलं म्हणाला."

त्यानं ओंजळीत पाणी ओतलं. ओंजळ भरली नाही. पाणी सरळ खाली मातीत गेलं, आणि माती प्याली. घोट घेतल्याचा आवाज आला. त्या माणसानं मान खाली घातली. मग दुसऱ्यानं ओंजळ धरली. मग तिसऱ्यानं. विश्वजित वाकून वाकून वाढत गेला. कुणी बोललं नाही. फक्त एकानं, अगदी हळू, विचारलं…

"आमचं पाणी कुठं नेलं रं बाळा?"

तो काय सांगणार? पुढं सरकला. बाटली हलकी होत गेली. थोडं थोडं द्यायला लागला. घोटभर. मग थेंबभर. मग…

"बाटली सपली," पोरं एका सुरात म्हणाली. गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. महिनाभर तात्या ती सांगत होते आणि दर वेळी इथंच थांबत होते. मग हात झाडायचे आणि म्हणायचे, चला, झोपा आता.

आजही त्यांनी हात झाडले.

"तात्या," मागून क्रांती म्हणाली. "पाणी कुणाला पुरलं न्हाय?"

तात्यांनी वळून पाहिलं. ती तिथं आहे हे त्यांना तेव्हा कळलं. शेकोटीत एक काटकी फुटली.

"शेवटचा राह्यला," तात्या म्हणाले.

"कसा हुता?"

"क्रांते," कट्ट्यावरून नानांचा आवाज आला. "मोठी माणसं बोलत असताना मधी…"

"कसा हुता, तात्या?"

तात्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"त्यानं वंजळ म्होरं केलीच न्हाय. बाटली रिकामी झाल्याली बघितली त्यानं. विश्वजितकडं बघून हसला म्हणं. जाऊ दे, अशी मान हलवली. आनि…"

"आनि काय?"

"बाकीची समदी अनवाणी हुती, पोरी. त्येच्या पायांत बूट हुतं."

 पोरांना त्यातलं काही कळलं नाही. क्रांतीनं कप खाली ठेवला. वडिलांचे बूट तिनं पाहिले होते, माळाची लाल माती लागलेले, उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेले. ते दारात दिसले की आप्पा घरात आहेत असं समजायचं.

"आणि हे ठाऊक असून तुम्ही सही केलीसा," ती म्हणाली.

तात्यांनी बाहेर आलेली काटकी शेकोटीत आत सारली.

ती उठली. देवळातला तांब्या नळावर भरून घेतला आणि दगडांच्या ओळीकडं गेली. ट्यूबच्या उजेडात ओटा लख्ख दिसत होता. शेवटचा दगड, ज्याच्यावर काही कोरलेलं नव्हतं. तिनं त्याच्या माथ्यावर तांब्या धरला आणि सावकाश ओतला.

पाणी दगडावरून खाली आलं. ओट्याचं सिमेंट काळं पडलं. फटीतून ओघळ निघाला आणि नानांच्या चपलांपर्यंत गेला.

दगड कोरडा होता.

नाना उठून आले. ओणवे झाले. थोबाडीत देणारा तोच जड तळहात त्यांनी दगडावर वरपासून खालपर्यंत फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. तळहाताला धूळ लागली होती. सुकी.

"गार वारं हाय… वाळलं असंल," कट्ट्यावरचं कुणीतरी म्हणालं. ओट्यावर अजून पाणी निथळत होतं.

"तुम्ही दगड आणलाय, नाना," क्रांती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. "आप्पा तिकडंच हायत. सगळीच तिकडं हायत. त्यांच्यावर लोक पोहणार, आणि त्यांना घोटभर मिळायचं न्हाय. मी सही करणार न्हाय."

नानांनी तळहाताची धूळ झटकली. 

तिनं तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, मोबाईलचा दिवा लावला आणि माळाच्या वाटेला लागली. आवाराच्या फाटकाशी थांबून तिनं एकदा मागं पाहिलं. सगळे होते तिथंच होते.

"का, ते विचारा की आता," ती म्हणाली.

कुणीच विचारलं नाही.