तिच्या वाटचा घास

जेवता जेवता हे वाचत असाल तर आधी जेवण उरका. मागाहून मला नावं ठेवू नका.

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलासोबत, म्हणजे दादासोबत घडलेली. बरीचशी त्याच्या तोंडून ऐकली, आणि शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

भुताखेतांच्या गोष्टीत रात्र असते, अंधार असतो. इथे तसलं काही नाही.

लख्ख दुपार. भाड्याचा फ्लॅट, भिंतींना नवा रंग, आणि स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवून ठेवलेलं जेवणाचं टेबल.

दादा कवळ्या बनवतो. सकाळभर लॅबमध्ये लोकांच्या तोंडांचे साचे हाताळायचे आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या कवळ्या घासायच्या. त्यांच्या फटींत काय काय अडकलेलं असतं, ते तो सांगायला लागला की आम्ही हात जोडतो. त्यामुळे उष्ट्याच्या बाबतीत हा गडी भलताच सोवळा. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायचा नाही. बायकोने चाखलेल्या चमच्याला तोंड लावायचा नाही.

फक्त लेकीचं चालायचं.

"लेकीचं उष्टं ते काय उष्टं असतं?" म्हणायचा. बिट्टी, त्याची दीड वर्षाची लेक, चघळलेलं बिस्किट त्याच्या हातावर ठेवायची आणि हा बिनदिक्कत तोंडात टाकायचा.

वहिनी नर्स. तिची दुपारची ड्युटी, म्हणून दुपारचं भरवणं दादाकडे. आणि बिट्टी जेवणाच्या बाबतीत महा नाठाळ. अंगावर मूठभर मांस नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. वहिनीने वॉर्डात अशी पोरं पाहिलेली. तिचं अवसानच गळालं होतं.

त्या दुपारीही तेच चाललं होतं.

"हा घास चिऊचा."

तोंड बंद.

"हा घास काऊचा."

मान फिरवली.

"मग कुणाचा, माझे आई?"

बिट्टीने वाकून टेबलाखाली बोट दाखवलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात...

"ती."

"ती कोण?"

"ती... मंमं."

आता घास चिऊचा असो नाहीतर काऊचा, जातो पोराच्याच पोटात. नाव त्यांचं, पोट आपलं. ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. पण दादाला थट्टा सुचली. "बरं बाई, हा घास तिचा," असं म्हणत त्याने भाताचा चमचा खरोखरच टेबलाखाली धरला.

चमचा कशाला तरी अडकला... आणि सुटला.

टेबलाचा पाय लागला असेल, असं त्याला वाटलं. वर काढला तर चमचा रिकामा. भात सांडला असणार. पण समोर बिट्टीने आ वासला होता. त्या आनंदात तो खाली बघायचंच विसरला.

संध्याकाळी फरशी पुसताना त्याला आठवलं.

टेबलाखाली भाताचं एक शीतही नव्हतं.

त्या दिवसापासून बिट्टी शहाण्यासारखी जेवायला लागली. घास घ्यायची, गाल फुगवायची, टेबलाखाली वाकून काहीतरी पुटपुटायची आणि वर येऊन पुन्हा आ करायची. वाटी चाटूनपुसून साफ. मधूनच तोंडातला एखादा लगदा काढून दादाच्या हातावर ठेवायची. "बाबा, आं." बाबा खायचा. लेक जेवतेय म्हटल्यावर तो काहीही गिळायला तयार होता.

पुढच्या खेपेला वजन केलं.

घटलं होतं.

"नक्की भरवताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. दवाखान्याच्या जिन्यात वहिनी थांबली.

"खरं सांग. वाटी तूच संपवतोस ना?"

"वेड लागलंय का तुला? मी लेकीच्या तोंडचा घास काढून खाईन?"

वहिनी पुढच्या पायऱ्या उतरायला लागली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तेच दादाला जास्त लागलं. डॉक्टरांनी आणखी थोडे दिवस दिले होते. नंतर नळी.

त्याच सुमारास घरात वास यायला लागला...

आंबूस, कुजकट. दादाच्या चांगलाच ओळखीचा. वर्षानुवर्षं न धुतलेली कवळी डबीतून काढली की येतो ना, तो. आधी त्याला वाटलं, लॅबमधून कपड्यांना चिकटून येत असेल. घरी आल्या आल्या अंघोळ करायला लागला. वास हटेना. टेबलापाशी तर नाक धरावं लागायचं.

मग ती उकडलेल्या बटाट्याची दुपार आली.

बिट्टीने खाली वाकून वर येत अर्धवट खाल्लेला बटाटा त्याच्या हातावर ठेवला. "बाबा, आं." बटाटा लिबलिबीत झालेला. तिच्या हातापासून त्याच्या हातापर्यंत लाळेची तार आली, ती तुटेना. दादाने सवयीने त्याचा मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि चावता चावता उरलेल्याकडे पाहिलं.

चावा रुंद होता.

बिट्टीला पुढचे मोजकेच दात, तेही तांदळाच्या कणीएवढे. हे मोठ्या माणसाचं तोंड होतं. वरचे दोन दात पडलेले, एक आत वळलेला. दादाचा धंदाच तो. त्याला निरखून बघायची गरज पडली नाही.

तोंडातला तुकडा अजून कोमट होता. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातून नुकताच निघालेला.

त्याच्या जिभेला केस लागला. त्याने चिमटीत धरून ओढला...

येतच राहिला. लांब, पांढरा, चिकट. घशापासून.

दादा बेसिनवर ओणवा झाला आणि आतडी बाहेर पडतील इतका ओकला. ओकतानाही त्याला एकच सुचत होतं. आजवर आपण किती दुपारी, किती घास...

मागे बिट्टी म्हणाली, "ती... मंमं."

त्याने वळून पाहिलं. पोर खुर्चीतून टेबलाखाली वाकली होती. गाल फुगलेले. तिने तोंड उघडलं आणि सगळा बटाटा खाली सोडून दिला.

पडल्याचा आवाज आला नाही.

चावण्याचा आला. सावकाश... ओला... मचमच.

त्याने पोरीला उचललं आणि बाहेरच्या खोलीत पळाला. पलंगावर बसवून हातात केळं दिलं. तिने तुकडा तोंडात घेतला, गाल फुगवले आणि पलंगाखाली वाकून पाहिलं.

"ती."

वास तिथेही आला होता.

घर बदलून सुटका नाही, हे त्याला तेव्हाच कळलं. घास त्यानेच तिच्या नावाने काढला होता. मग तो जमिनीवर पालथा झाला आणि डोळे मिटून पलंगाखाली बोलला.

"पोरीला सोड. तिच्या घासाला शिवू नकोस. यापुढे माझ्या वाटचं खा."

त्याने केळ्याचा मोठा घास घेतला, आणि पलंगाखाली मान घालून तोंड उघडलं.

पुढचं दादाने मला नीट सांगितलं नाही. ओठांवरून हात फिरवत बसला. एवढंच म्हणाला, "थंडगार नव्हती रे. उबदार होती. तेच जास्त घाण वाटलं."

त्या संध्याकाळी बिट्टीने वाटीभर भात खाल्ला. स्वतः चावून, स्वतः गिळून. हळूहळू वजन चढलं. नळी टळली. दादाने वहिनीला सगळं सांगितलं, आणि तिच्या हट्टापायी त्यांनी तो फ्लॅटही सोडला.

मध्यंतरी ते आमच्याकडे जेवायला आले होते. बिट्टी अशी गुबगुबीत झालीये की गालगुच्चा घेतल्याशिवाय राहवत नाही. दादाची मात्र हाडं मोजून घ्यावीत. तो आमच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसला. घास घ्यायचा... गाल फुगवायचा... वाकायचा. वहिनी मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होती. तरी मला तो आवाज ऐकू येत होता. सरळ सांगतो, मला त्याची किळस आली. सख्ख्या भावासारखा वाढलेला माणूस, पण माझ्याने त्याच्या पानाकडे बघवेना.

आम्ही सगळे नजर चुकवून बसलो होतो, म्हणून बिट्टी खाली उतरलेली कुणाला दिसली नाही.

ती दादापाशी गेली, त्याच्या ताटाच्या कडेचा, खालून परत आलेला लगदा उचलला आणि तोंडात घातला.

दादाने तिला खसकन ओढलं. एका हाताने जबडा दाबला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्या घशापर्यंत घातली. पोर किंचाळायला लागली. तो लगदा काढत राहिला, तळहातावर पसरून चाचपत राहिला.

"आला का सगळा?" वहिनीने विचारलं.

दादाने तळहातावरचा लगदा पुन्हा एकदा बोटाने पसरला.

"अर्धाच आहे," तो म्हणाला.

वहिनी आता रोज सकाळी बिट्टीला वजनकाट्यावर उभं करते. अजून तरी ठीक आहे, असं फोनवर म्हणते. मी खोदून विचारत नाही.