रस्त्यावर सरकलेले किलोमीटर

नांदेडहून पुण्याला विमानाने नऊ मिनिटं लागतात आणि याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रस्त्याने किती तास लागतील हे मात्र निघायच्या आधी विचारून घ्यावं लागतं. शनिवारी सकाळी सातला ते आठ तास होते. दुपारी एकला दहा झाले.

तेव्हा रेवती पुण्याच्या विमानतळावरच्या घडी-केंद्रात, अंतराचा हिशेब ठेवणाऱ्या डॉ. कुलथे बाईंसमोर उभी होती. तिचे वडील आप्पा सकाळी सातलाच नांदेडहून अँब्युलन्सने निघाले होते. पेसमेकर बसवलेल्या माणसाला विमानाने आणता येत नाही, घडीतून जाताना पेसमेकर बंद पडतो. संध्याकाळी सहाच्या आत ऑपरेशन सुरू झालं नाही तर आशा ठेवू नका, असं सर्जनने स्वच्छ सांगितलं होतं. आणि ड्रायव्हर म्हणत होता, गाडी पळतेय, पण पाटीवरचा पुण्याचा आकडा हलत नाही.

"साडीला निऱ्या घातल्या की कापड कमी होतं का?" कुलथे बाईंनी विचारलं.

"नाही."

"आम्ही आकाशातल्या अंतराला तशाच निऱ्या घालतो. त्याला घडी म्हणतात. पण दुमडलेलं अंतर नाहीसं होत नाही, खालच्या रस्त्यात जाऊन बसतं. एका प्रवाशामागे दीड किलोमीटर. दोन दिवसांनी ओसरतं."

"मग आजची विमानं थांबवा."

"तो अधिकार मला नाही हो. रोजच्या गर्दीचा हिशेब धरूनच आठ तास सांगतो आम्ही. आज दोन विमानं जादा सोडावी लागली, तिसरं भरतंय. नांदेडला कुणाचं लग्न आहे का?"

ही गर्दी आप्पांसाठीच येतेय, हे रेवतीच्या ध्यानात आलं. आप्पा पस्तीस वर्षं हेडमास्तर होते. त्यांना पुण्याला हलवतोय, हा निरोप काल तिनेच सगळ्यांना पाठवला होता. आप्पांनी दवाखान्याच्या दारात उतरावं आणि समोर आपलं एकही माणूस नसावं, हे भावकीला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना कसं चालणार? शिवाय दवाखान्याचे कागद भरायला ती स्वतःही सकाळी विमानानेच आली होती.

ती धावत बाहेर आली. दारातून काकू येत होत्या, हातात डबा, मागे पन्नास-साठ माणसं.

"काकू, मागच्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं."

"का गं?"

"तुमच्या येण्यानं रस्ता वाढतोय. आप्पा पोचणार नाहीत."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या पायानं त्यांचं वाईट होऊ लागलंय म्हण की. चाळीस वर्षं त्यांच्या घरचं खाल्लं, आता घरी बसून राहू?"

रेवतीला रडू फुटलं. समजावणार कुणाला आणि रागवणार कुणावर? एकाचंही चुकत नव्हतं. तेवढ्यात अँब्युलन्समधून आप्पांचा फोन आला. आवाज थकलेला, पण समाधानी होता.

"सगळे जमलेत म्हणे तिथं. बरं वाटलं बघ ऐकून."

"आप्पा, कुठं आहात तुम्ही?"

"कोण जाणे. लई लांबलाय रस्ता. आपला शाळेतला मोरेश्वर तीस-पस्तीस पोरं घेऊन जीपगाड्यांनी निघत होता. मीच म्हणलो त्याला, बाबा, रस्त्यानं येऊ नको. विमानानं जा."