बाकाची अलीकडची बाजू

सरका जरा इकडं. लाइट काही तासाभरात यायची नाही, आणि हा चार्जिंगचा दिवा एवढा वेळ सहज पुरतो. तुम्ही विचारलंत, श्रीलंकेचं काय झालं, जाणार होतात ना दोघं. साऱ्या शहाद्याला माहीत आहे ते. आमच्या ह्यांनी, श्रेणिकशेठनी, भांड्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुकरबरोबर कोलंबोही दाखवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदा पासपोर्ट मिळाला की असंच होतं.

का गेलो नाही ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

फेब्रुवारीतला सोमवार होता. सोमवारी आमचं दुकान बंद. आम्ही दोघं गाडी काढून नवापूरला निघालो होतो, ते खाकरे आणायला. खाकरे शहाद्यात मिळत नाहीत असं नाही, पण नवापूरच्या मीनाबाईंचा खाकरा समुद्राच्या हवेतसुद्धा नऊ दिवस कुरकुरीत राहतो, असं आमच्या भाभींचं म्हणणं होतं. भाभींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी त्यांचं म्हणणं आमच्या घरात शेवटचं असायचं.

भाभी म्हणजे अनोखीबाई, माझी जेठाणी, ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. चंपालालभाऊ फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी सुरतेहून लग्न होऊन आले तेव्हा मला ना धड मारवाडी येत होतं ना इथली बोली. भाभी लोणखेड्यात वाढलेल्या, तोंडात अहिराणीच. मला त्यांनी पोळ्या लाटता लाटता अहिराणी शिकवली, आणि मी चुकले की पोट धरून हसायच्या. सख्खी बहीण असती तर तिनं माझं एवढं ऐकून घेतलं नसतं. मी त्यांच्यावर जीव टाकत होते, सरळच सांगते.

माझ्या जिनलच्या जन्माच्या वेळी रक्त थांबेना. दोन दिवस मी आत, बाहेर सगळे हात जोडून. तेव्हा भाभी आमच्या जैन स्थानकात गेल्या आणि जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घेऊन आल्या. आमच्यात असतं हे व्रत. चारी दिशांना एकेक सीमा ठरवायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. त्यांनी पूर्वेला शिरपूर धरलं, उत्तरेला धडगाव, दक्षिणेला साक्री आणि पश्चिमेला नवापूर, तेही महाराष्ट्राची हद्द संपेपर्यंतच. महासतीजींनी, म्हणजे तिथल्या साध्वींनी, त्यांना पुढं चांगलंच झापलं होतं. व्रत म्हणजे नवस नाही, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं, म्हणून. पण भाभींनी मनात मागून झालं होतं: अल्पना जगू दे, माझे पाय इथंच थांबले. मी जगले. एकोणतीस वर्षं होत आली त्याला.

आता तुम्ही नवापूरचं स्टेशन पाहिलंय ना? दोन राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. तिथलं ते बाक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, मधोमध रेघ. लोक फोटो काढतात. मी माहेरी निघाले की भाभी तिथपर्यंत सोडायला यायच्या, आणि बाकाच्या अलीकडच्या अर्ध्यावर पाय आत ओढून बसायच्या. डबा द्यायचा तर मी रेघेच्या अलीकडं येऊन घ्यायचा. त्या व्रतात नुसतं जायचं नाही एवढ्यावर भागत नाही. पलीकडच्याला हाक मारायची नाही, स्वतःला दाखवायचं नाही, खडा टाकून लक्ष वेधायचं नाही. म्हणून मी पलीकडं गेले की भाभी मान वळवायच्या आणि गाडी सुटली तरी हात हलवायच्या नाहीत. नवीन नवीन मला राग यायचा. नंतर त्या वळवलेल्या मानेकडं बघून रडू यायचं.

गंमत म्हणजे श्रीलंका त्यांनीच शोधून काढली. दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघी जिनलचा जुना नकाशा घेऊन बसायचो. जगातले देश एकेक करून त्यांनी बाद केले. युरोपात उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊला मावळतो, मग तोपर्यंत खात बसायचं का, म्हणाल्या. हिवाळ्यात चारलाच मावळतो, मग उपाशी मरायचं का. श्रीलंकेत मात्र बारा महिने सूर्य सव्वासहाच्या आगेमागे मावळतो. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या माणसाला याहून सोयीचा देश नाही. मग कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एला, गॉल, असा गोल फेरा त्यांनी आखला, माझ्यासाठी. स्वतः जायचं नसलेल्या गावातली धर्मशाळासुद्धा त्या किती हौसेनं निवडायच्या.

दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास नाही.

मी म्हटलं, आता त्यांच्या फेऱ्यावर जाऊन येऊ. हे लगेच तयार झाले. पण मनात एक काटा होताच. जन्मभराचं व्रत होतं, जन्म संपला, व्रत संपलं. मग त्याच्या बदल्यात मागितलेलं काय? माझं जगणं कशावर टेकून होतं, आणि आता कशावर टेकून आहे? ह्यांना बोलले नाही. हसले असते, आणि नसते हसले तर जास्तच वाईट.

पहिली गोष्ट झाली ती कँडीच्या फोनवर. तिथल्या एका घरगुती हॉटेलच्या बाईंना मी आमच्या खाण्याबद्दल सांगायला लागले, हिंदी-इंग्रजीची खिचडी करून. कांदा नको, बटाटा नको, जेवण सहाच्या आत. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तुमच्या दुसऱ्या मॅडमनी सगळं सांगितलंय. मी म्हटलं, कोण दुसऱ्या मॅडम? त्या म्हणाल्या, त्याच, ज्यांना सारखा खोकला येतो.

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिला. म्हणाले, गुजरातहून शंभर ग्रुप जातात, त्या बाईंचा घोटाळा झाला असेल. असेलही. पण भाभींना बोलण्याआधी दोनदा बारीक खोकायची सवय होती, हे ह्यांनाही माहीत होतं. त्या दिवशी ते दुकानात जरा लवकरच गेले.

तर तो सोमवार. मीनाबाईंकडून खाकरे घेतले. मग ह्यांनी टूम काढली की आपण याच स्टेशनवरून सुरतेला आणि तिथून मुंबईला जायचं आहे, तर गाडी किती मिनिटं थांबते आणि डबा कुठं येतो ते आजच बघून ठेवू. आमचे हे लग्नाला जायचं असलं तरी आदल्या दिवशी हॉल बघून येणारे. मला म्हणाले तू बस, मी पुढं जाऊन बघतो. मी त्या बाकावर बसले, अलीकडच्या अर्ध्यावर. का, ते सांगता येणार नाही. बसले खरी.

दुपारचा एक वाजला असेल. पॅसेंजर आली, दोन मिनिटं थांबली, गेली. तिच्यामागोमाग फलाट रिकामा झाला. कोंबड्यांच्या खाद्याचा वास येत होता, नवापुरात तो नेहमीच असतो. उन्हानं रूळ चकाकत होते. एक कावळा ओरडत होता, तोही थांबला. मग शांतता अशी पडली की मला माझ्या पिशवीतल्या खाकऱ्यांचा कागद वाजलेला ऐकू आला, आणि मी तर हललेसुद्धा नव्हते.

आणि कोंबड्यांच्या वासातून लवंगेचा वास आला. भाभींच्या गालात नेहमी लवंग असायची.

माझ्या पायाशी एक खडा येऊन पडला. रेघेपलीकडून.

मी मान वर केली. कुणी नव्हतं. दुसरा खडा आला, हलकाच, मुलांना खेळवताना टाकतात तसा. मग दोनदा खोकल्याचा आवाज...

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्या आधी मला काय वाटलं असेल, तर आनंद. अहो, सत्तावीस वर्षं ज्या बाईनं मला या रेघेपलीकडं एक हाक दिली नव्हती, ती पलीकडून खडे टाकत होती. मी उठले कधी, रेघ ओलांडून बाकाच्या दुसऱ्या अर्ध्यावर बसले कधी, कळलं नाही. भर उन्हातलं ते बाक तेवढ्याच जागी गारठलेलं होतं.

"भाभी?" मी म्हटलं.

"उनी का वं..." अगदी कानाशी. "कवयपाइन वाट देखी ऱ्हायनी मी."

केव्हापासून माझी वाट बघत होत्या म्हणे. मी रडायला लागले. म्हटलं, तुम्ही पलीकडं कशा? तर हसल्या. तेच हसणं, पोट धरून.

"मन्हं व्रत सरनं ना, बेटा. आते मी मोकळी शे."

मग त्या बोलत राहिल्या, हळूहळू, मध्येच आवाज लांब जायचा, मध्येच जवळ यायचा. कँडीची खोली त्यांनी बदलून घेतली होती, पहिली पश्चिमेची होती, तापली असती. एल्याला गाडीत डाव्या बाजूला बसायचं. गॉलला समुद्र संध्याकाळी तांब्याच्या परातीसारखा दिसतो. मी ऐकत होते. इतकं मायेनं माझ्याशी कुणी दीड वर्षात बोललं नव्हतं.

"चाल," त्या म्हणाल्या. "दोन्ही जनी जाऊत. मी समदं ठरायी ठेयेल शे."

माझ्या तोंडून हो निघणारच होतं. खरंच सांगते, निघणारच होतं. मग तो मनातला काटा हलला. मी जगावं म्हणून एक माणूस सत्तावीस वर्षं या रेघेच्या अलीकडं पाय ओढून बसलं होतं. ती जागा आता रिकामी होती. आणि मी पलीकडं बसले होते.

"भाभी," मी विचारलं, "आपण दोघी गेलो... तर अलीकडं कोण बसणार?"

लवंगेचा वास तसाच होता. त्या ऐकत होत्या, एवढं मला कळत होतं.

मी वळून पाहिलं. बाकाच्या अलीकडच्या अर्ध्यावर श्रेणिक बसले होते. केव्हा येऊन बसले ते मला कळलं नव्हतं. खाकऱ्यांची पिशवी मांडीवर, पाय आत ओढून घेतलेले, रेघेला चप्पलसुद्धा लागू नये असे. माझ्या हाताच्या अंतरावर होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. मान दुसरीकडं वळवलेली.

"तुम्ही दोघी जाऊन या," ते म्हणाले. "मी बसतो इथं."

मी त्यांचा दंड धरला आणि ओढत स्टेशनबाहेर आणलं. मागं खोकल्याचा आवाज आला का, मला माहीत नाही, मी ऐकलंच नाही. विसरवाडी आली. मग मी विचारलं, दोघी म्हणजे कोण? ते गाडी चालवता चालवता सहज म्हणाले, अगं, तू आणि जिनल. मला दुकान सोडून नऊ दिवस कुठं जमतंय, तिला घेऊन जा. एवढं साधं. मी म्हटलं, आधी का नाही बोललात? म्हणाले, तिथं बसल्यावर सुचलं.

मी तिकिटं काढली नाहीत. कँडीच्या बाईंना नाही म्हणून कळवलं. त्यांनी उलट लिहिलं की काही हरकत नाही, मॅडम म्हणाल्या आहेत की थोडा उशीर होईल. भाभींवर मी रागावलेली नाही, त्यांच्या मला बोलावण्यामागं माया सोडून दुसरं काही नाही, हे मला त्या गेल्या तेव्हापेक्षाही आज जास्त कळतं. म्हणून तर भीती वाटते. रागानं बोलावलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

आणि हे. त्या सोमवारनंतर दर सोमवारी सकाळी आवरून नवापूरला जातात. आजही गेलेत, म्हणून तुम्हाला सांगता आलं. खाकरे आणत नाहीत, गाडीचं वेळापत्रक बघत नाहीत. नुसते त्या बाकाच्या अलीकडच्या अर्ध्यावर बसून येतात. मी एकदा हात धरून विचारलं, काय करता हो तिथं? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

म्हणाले, काही नाही गं, सवय करून घेतोय.