सकाळचे थेंब

"वहिनी! काय म्हणालीस तू आईला? पुन्हा म्हण... माझ्या तोंडावर म्हण!"

चिमणी दारातच उभी होती. केसांना, भुवयांना अजून पीठ लागलेलं, पायातली चप्पलही काढलेली नाही. पावाच्या कारखान्यातली भट्टी आज बिघडली म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. नाहीतर पहाटेच्या पाळीला जाणारी ही मुलगी या वेळेला घरात कधी नसायचीच. आत खाटेवर आई ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडत होती, आणि शेजारी वहिनी हातात डोळ्यांच्या थेंबांची इवलीशी बाटली धरून, मान खाली घालून उभी होती.

"ऐकलंय मी सगळं! 'तो गेला, आई. खांबावर तारा जोडताना गेला.' हेच म्हणालीस ना? अगं, आईला दादाचं जाणं आठवत नाही हे आपलं नशीब! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, 'कामाला गेलाय' म्हणायचं? आणि तू तिच्या काळजाला मुद्दाम डागण्या देतेस? कधीपासून चाललंय हे?"

"रोज," वहिनी म्हणाली.

एवढंच! यापुढं दोन वाक्यं ती बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ही बाई अशी, की दुसऱ्यासाठी साऱ्या जगाशी भांडेल आणि स्वतःच्या बाजूचं बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लावून बसेल.

"म्हणूनच आई तुला बघून अंग चोरते! मी म्हणायची, एवढं करते वहिनी, तरी आई तिच्या हातचा घास का घेत नाही... आज कळलं!" चिमणीचा आवाज चिरकला. "दादाच्या माघारी तुझं इथं उरलंय तरी काय? तुझा भाऊ बोलावतोय ना तुला? मग जा तू. आईला मी बघेन."

वहिनीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती खिडकीत ठेवली. "उद्या निघते," ती म्हणाली. "थेंब अजून घातलेले नाहीत. ती शांत झाली की घाल."

स्वतःच्या खोलीत येऊन तिनं दार लोटलं आणि कपड्यांची पिशवी खाली काढली. जाणं तिला जड नव्हतं... पण आईला सोडून जाणं! याच आईनं तिला सून म्हणून नव्हे, मैत्रीण म्हणून घरात घेतलं होतं. दोघी स्वयंपाकघरात बसून अशा खिदळायच्या, की तिचा नवरा बाहेरून ओरडायचा, "अहो, मला पण सांगा की, नाहीतर वीज तोडीन घराची!" विजेच्या तारांचं काम करणारा तो दिवसभर गावाच्या खांबांवर चढायचा, पण सकाळी घर सोडण्याआधी आईच्या खोलीत जाऊन तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्याशिवाय त्याचं पाऊल बाहेर पडायचं नाही. आई उशीवर मान टाकून, डोळे मोठे करून त्याची वाट बघायची.

मग आईला तो ताप आला. मेंदूला सूज आणणारा, माणसाला आतून जाळणारा ताप! आई इस्पितळात बेशुद्ध असताना इकडे खांबावरून वहिनीचा नवरा पडला. वीज कार्यालयातला कुणी अनोळखी माणूस इस्पितळाच्या जिन्यात आला, "तुम्हीच का त्यांच्या मिसेस?" म्हणाला, आणि बातमी सांगून घाईनं खाली उतरून गेला. वहिनीच्या एका हातात तेव्हा आईच्या औषधांची पिशवी होती. ती औषधं वर पोचवायची होती... ती पोचवली. रडायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

आई वाचली, पण तापानं तिच्या मेंदूतला एक छोटा तुकडा नेला. जुनं सगळं शाबूत! लग्न, घर, सून, लेक, मुलगा, सगळं. नवं मात्र घटकाभरात पुसून जायचं. आणि सकाळ झाली की ती सवयीनं उशीवर मान टाकायची, डोळे मोठे करायची आणि विचारायची, "तो कुठंय गं? थेंब घालायचेत ना?"

आधी दोघीही सांगायच्या, कामावर गेलाय. पण मग आई दारात जाऊन उभी राहायची. जेवायची नाही, बसायची नाही. एकदा वहिनीनं तिला भर रस्त्यात गाठलं, एका पायात चप्पल, दुसरा पाय उन्हानं भाजलेला. "कुणाची वाट बघताय आई?" "कुणाची ते आठवत नाही गं... पण कुणीतरी यायचंय." कुणाची वाट बघायची हे ती विसरली होती, पण वाट बघायचं विसरली नव्हती! त्या दिवशी वहिनीनं तिला रस्त्याच्या कडेला बसवून खरं सांगितलं. आई आकांत करून रडली, थकली, झोपली. उठल्यावर बातमी विसरली होती, पण चहा मागितला, पाव खाल्ला, आणि दाराकडे एकदाही बघितलं नाही.

मग वहिनी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी समजावलं, "नव्या घटना जिथं साठतात तो भाग गेलाय, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला. पण त्याच्या लगतच बदामाएवढी एक गाठ असते, भीती आणि दुःख ओळखणारी. ती त्यांची ठीक आहे. इस्पितळात इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला त्या रोज नव्यानं नाव विचारायच्या, पण ती दिसली रे दिसली की हात चादरीत लपवायच्या, पाहिलंत ना? काय झालं ते जातं... कुणी दुखवलं ते आत कुठंतरी राहतं."

वहिनीनं एकच प्रश्न विचारला होता. "म्हणजे बातमी नेहमी एकीनंच सांगितली, तर भीती तिच्या एकटीच्याच चेहऱ्यावर बसेल?"

त्या दिवसापासून घरातली सगळी कडू कामं तिनं स्वतःकडे घेतली. बातमी, इंजेक्शन, भाजलेल्या पायाची पट्टी... आणि केस विंचरणं, जुनी गाणी म्हणणं, पावाचा गरम तुकडा भरवणं हे सगळं चिमणीसाठी राखून ठेवलं. संध्याकाळी आईनं मुलाची चौकशी केलीच, तर "माझ्याकडे पाठव" एवढंच तिनं नणंदेला बजावलं होतं. सकाळचा क्रमही तिनं ठरवून टाकला: आधी सांगायचं, मग थेंब. उलटं केलं की औषध अश्रूंबरोबर वाहून जायचं. आणि हळूहळू तेच झालं, जे होणार हे तिला ठाऊक होतं. एक दिवस आई कासावीस होऊन म्हणाली, "तू चांगली आहेस गं पोरी... पण तू आत आलीस की माझ्या पोटात खड्डा का पडतो?"

वहिनी त्या दिवशी भांडी घासताना नळ मोठा सोडून उभी राहिली होती.

...दुसऱ्या दिवशी चिमणीनं रजा टाकली. भिंतीपलीकडून वहिनीला सगळं ऐकू येत होतं. "दादा कामावर गेलाय आई, मी घालते थेंब." "बरं बाई." कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आई न रडता थेंब डोळ्यांत गेले. चिमणीचा सुटकेचा निःश्वासही वहिनीला ऐकू आला. मग आईची पावलं वाजली. दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"आई, जेवून घे ना." "नको गं, येऊ दे त्याला." "आई, बस तरी!" "कशी बसू? कुणीतरी यायचंय..." दुपार कलली तरी ताट तसंच होतं. आईनं दाराची कडी काढली. चिमणीनं ओढून तिला आत आणलं, तशी ती घाबरून किंचाळली. "सोड मला! सोड!" लेकीवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली असेल.

वहिनीची पिशवी भरून झाली होती. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चिमणी फोनवर बोलायला लागली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते तिला कळलं.

"डॉक्टर, आई सकाळपासून उभीच आहे... हो, कामावर गेलाय असंच सांगितलं... काय? वहिनी आली होती तुमच्याकडे?... एकीच्याच चेहऱ्यावर?... असं विचारलं तिनं? तिनं स्वतः विचारलं?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग लोटलेलं दार उघडलं. सगळ्या गल्लीचे कान किटवणारी, म्हणून भावानं जिचं नाव चिमणी ठेवलं होतं, ती पोरगी उंबरठ्यावर मुकी होऊन उभी होती.

"मला का नाही सांगितलंस वहिनी?"

"सांगितलं असतं तर तू अर्धं वाटून घेतलं असतंस. मी ओळखत नाही का तुला?" वहिनी हळूच म्हणाली. "मग जे बघून आईला हसावंसं वाटेल असं एकही तोंड घरात राहिलं नसतं."

चिमणी मटकन खाली बसली आणि तिनं वहिनीच्या मांडीत डोकं खुपसलं. "काय काय बोलले गं मी तुला... तुला घराबाहेर काढायला निघाले होते मी! थोबाडीत का नाही मारलीस माझ्या?" आणि मग डोळे पुसत, हट्टानं ती उठली. "आज मी सांगते आईला."

"नको, चिमणे! तुझा चेहरा खराब करू नकोस. ऐक माझं..."

पण ती गेलीच. आई दाराशी चौकट धरून उभी होती, पाय सुजलेले. चिमणीनं तिला उंबऱ्यावर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडत रडत सांगितलं. वहिनी आतल्या दाराआड थांबली. अशा वेळी आईच्या नजरेस पडायचं नाही, ही तिची सवय झाली होती. आईचा तो हंबरडा... रोज ऐकूनही काळीज चिरणारा! वहिनीनं पदर तोंडात कोंबला.

मग तो हंबरडा मध्येच थांबला.

"अगं... माझ्या सुनेला कळलंय का?" आई म्हणाली. "चिमणे, तिला सांगितलं का कुणी?"

चिमणीनं आतल्या दाराकडे बघितलं.

"नका सांगू तिला. भलतंच कुणीतरी जाऊन धसकन सांगेल, आणि कोसळेल ती पोर! तुझे बाबा गेले तेव्हा मला असंच रस्त्यात सांगितलं होतं कुणीतरी... मी सांगते तिला. मीच सांगते." आणि ती म्हातारी, स्वतःचे डोळे पदरानं कोरडे करत, भिंतीला धरत धरत आत आली. वहिनी तिथं उभी होती. तिला पाहताच आईचं पाऊल क्षणभर अडखळलं, हात छातीशी गेला. पोटातला तो खड्डा पडलाच असणार. तरी ती पुढं झाली.

"ये बाळा. बस इथं माझ्याजवळ." आईनं तिला खाटेवर बसवलं, तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "आता मी सांगते ते ऐक... मी धरलंय तुला, घाबरू नकोस. आपला तो... आपला तो आता येणार नाही गं. माझं पोर गेलं... आणि तुझं तर सगळंच गेलं..."

जी बातमी वहिनीनं रोज सकाळी दुसऱ्याला सांगितली, ती तिला स्वतःला अशी जवळ घेऊन कुणी सांगितलीच नव्हती! इस्पितळाच्या जिन्यात अडकलेलं ते रडणं आज सुटलं. "आई... आई गं..." ती लहान पोरीसारखी रडत सुटली आणि आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, "रड बाळा, रड," म्हणत राहिली.

केव्हातरी आईचे हुंदके आटले. तिनं खोलीभर नजर फिरवली, खांद्यावरच्या डोक्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा गोंधळ उमटला.

"ही का रडतेय गं एवढी?" तिनं विचारलं, आणि चिमणीकडे बघून डोळे वटारले. "तू बोललीस का हिला काही?"

"हो आई," चिमणी म्हणाली. "नको ते बोलले. चुकलं माझं."

"मग माफी माग तिची. दादाला कळलं तर काय म्हणेल तुला!"

चिमणी जवळ आली आणि दोघींच्या पायाशी बसून तिनं वहिनीचा हात गालाला लावून धरला. उद्या सकाळी आई पुन्हा डोळे मोठे करून विचारणार होती, आणि पुन्हा कुणीतरी तिला सांगायचंच होतं. पण आत्ता आईचा हात, कशासाठी ठेवला होता ते विसरूनही, वहिनीच्या केसांवरून फिरतच राहिला.