धोंडीराम शिपायाचा दाखला

दिवा जरा इकडे सरकवा. अंधारात ही गोष्ट सांगायला मला अजून जमत नाही.

अठ्ठ्याण्णव साल. माझी आजी चिमणाबाई तेव्हा एक्याऐंशीची. तिचा बाप धोंडीराम पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत गेला, तेव्हा ती आईच्या पोटात होती. तो परत आलाच नाही. मुरगुडात तिला जन्मभर ‘पळपुट्याची पोर’ म्हणून हिणवलं. डोळे मिटायच्या आधी तिला एवढंच हवं होतं, बाप खरंच पळाला होता का, ते कळावं.

दोन वर्षं मी अर्ज केले, खेटे घातले. शेवटी कोल्हापुरातल्या एका कचेरीत, जुन्या गठ्ठ्यात दाखला सापडला. सोमेश नावाच्या कारकुनाने धूळ झटकून तो वाचला.

‘‘आजारपणामुळं सेवामुक्त. वागणूक उत्तम. तुमचा पणजोबा पळाला न्हवता, पावणं! दाखला न्यायला मात्र कुणी आलंच न्हाई, अंगठा उठवायची जागा कोरीच हाय. तिकडंच दवाखान्यात वारला असंल.’’

एसटीत मी तो कागद छातीशी धरून बसलो. नोकरी लागली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

दिवेलागणीला घरी पोचलो, तर वीज गेलेली. कंदील लावून आजीला दाखला वाचून दाखवला.

‘‘आनि एकदा वाच. शेजारी ऐकू जाऊ दे की!’’

तिसऱ्यांदा वाचताना वास आला... शाईचा, ओल्या लोकरीचा. बाहेर तर कडक उन्हाळा. मग ओसरीवर बूट वाजले. सावकाश. उंबऱ्याशी येऊन थांबले.

कंदील विझला. मी काडेपेटी चाचपू लागलो. अंधारात आजी हळूच कुणाला तरी म्हणाली,

‘‘व्हय... मीच ती.’’

कशीबशी काडी ओढली. दारात कुणी नव्हतं. आजीच्या गालावर अंगठ्याएवढा काळा ठिपका होता. मी रुमाल काढला, तशी तिने माझा हात धरला.

‘‘पुसू नगंस. बाप पोरीला पयल्यांदा बघाय आला, तर तीट लावनारच की.’’

आजी पुढे सहा वर्षं जगली, अगदी तृप्त. रोज साबणाने तोंड धुवायची, ठिपका जायचा नाही. आम्हीही त्याला सरावलो होतो.

ती गेली, तेव्हा माझ्या बायकोने, रूपालीने, तिला शेवटची आंघोळ घातली. बाहेर येऊन तिने मला आपलं बोट दाखवलं. त्यावर ओली शाई होती.